मायएसक्यूएल ८ वर गेल्यापासून `रँक` कॉलमची क्वेरी १०६४ देते, एक्झॅम्पवर मात्र चालते

लातूर_निकाल (प्रश्न)

इथल्या एका अकरावी-बारावी सायन्स क्लासेसचं टेस्ट-निकालाचं सॉफ्टवेअर आहे, साध्या पीएचपीत. होस्टिंगवर मायएसक्यूएल ५.७ होतं, आता ८.० झालं. डेटाबेसचा डंप (सगळी टेबलं आणि डेटा असलेली निर्यात फाइल) नव्या सर्व्हरवर एकही तक्रार न करता चढला, पण मेरिट लिस्टचं पान उघडलं की १०६४ एरर (क्वेरीची रचना चुकली असं सांगणारी) येऊलालीय.

टेबलं अशी (क्वेऱ्या वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत देतोय, मूळ अर्थातच रोमन लिपीत आहेत):

निकाल (आयडी, विद्यार्थी_आयडी, टेस्ट_आयडी, गुण, रँक, ग्रुप)
ग्रुप्स (आयडी, नाव). यात पीसीएम, पीसीबी, पीसीएमबी.

अडलेली क्वेरी:

सिलेक्ट विद्यार्थी_आयडी, गुण, रँक फ्रॉम निकाल व्हेअर टेस्ट_आयडी = ४१ अँड रँक <= १० ऑर्डर बाय रँक;

एररमध्ये «फ्रॉम निकाल व्हेअर…» च्या जवळ चूक आहे असं येतं. `ग्रुप` कॉलमला आधीपासून बॅकटिक (` हे चिन्ह) आहेत, तिथे काही अडचण नाही. ग्रुप्स टेबलाची क्वेरीही अडते. वरच्या क्वेरीत तिन्ही ठिकाणी 'रँक' असं सिंगल कोटमध्ये टाकलं की एरर जाते, पण पहिल्या दहाऐवजी सगळी पोरं यादीत येतात आणि क्रमही लागत नाही. लोकल एक्झॅम्पवर (माझ्या कॉम्प्युटरवर पीएचपी आणि डेटाबेस एकत्र बसवणारं पॅकेज) मूळ क्वेरी जशीच्या तशी चालते. जाणकारांनी सांगावं.

---

नांदेड_डीबीए

भाऊ, सगळ्यात आधी ते सिंगल कोट काढा. एरर परवडली, पण ते नको. मायएसक्यूएलमध्ये सिंगल कोटमधलं काहीही म्हणजे मजकूर, कॉलम नव्हे. 'रँक' <= १० म्हणजे एका शब्दाची १० या आकड्याशी तुलना. शब्दाचा आकडा करताना मायएसक्यूएल त्याचं ० करतं, ० हे १० पेक्षा लहानच, म्हणून अट प्रत्येक ओळीला खरी ठरते. सगळी पोरं आली ती त्यामुळे. ऑर्डर बाय 'रँक' म्हणजे सगळ्या ओळींना एकच स्थिर मजकूर, मग क्रम कशावर लावणार? क्वेरीनंतर लगेच शो वॉर्निंग्ज चालवा, १२९२ ची वॉर्निंग दिसेल.

सिलेक्टमध्ये एवढ्यावरच भागतं. डिलीट किंवा अपडेटमध्ये व्हेअर 'रँक' = ० असं गेलं तर अख्खं टेबल साफ. स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर सर्व्हर १२९२ ची एरर देऊन थांबतो, पण जुन्या पीएचपी सॉफ्टवेअरसाठी स्ट्रिक्ट मोड बंद करून ठेवलेला असतो हे नेहमीचं. त्यामुळे त्या आधारावर राहू नका. डबल कोटचंही तेच. मूळ सेटिंगमध्ये मायएसक्यूएल डबल कोटलाही मजकूरच समजतं.

आता मूळ कारण. रँक हा शब्द ८.० मध्ये राखीव झाला, ५.७ मध्ये नव्हता. ८.० मध्ये विंडो फंक्शन (ओळींच्या गटावरून प्रत्येक ओळीचा क्रम वगैरे काढणारी) आली, त्यांच्याबरोबर रँक, डेन्स_रँक, रो_नंबर, लॅग, लीड, एनटाइल, ओव्हर, विंडो, ग्रुप्स असे बरेच शब्द राखीव यादीत गेले. तुमचं ग्रुप्स टेबल त्याच कारणाने अडतंय. रो, रोज, ऑफ, फंक्शन, सिस्टिम, एम्प्टी हेही ८.० मध्येच राखीव झाले. क्लासेसच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकशी अर्जाचं टेबल असेल आणि त्यात लीड नावाचा कॉलम असेल, तर तोही तपासा. ग्रुप मात्र ग्रुप बायमुळे पहिल्यापासून राखीव आहे, म्हणून कोड लिहिणाऱ्याने त्याला तेव्हाच बॅकटिक दिले असणार.

एरर «फ्रॉम» वर का दाखवते? पार्सरला (क्वेरी वाचून तिची रचना समजून घेणारा सर्व्हरचा भाग) रँक दिसल्यावर तो पुढे कंसाची वाट बघतो, कारण आता ते फंक्शन आहे. कंसाऐवजी फ्रॉम आलं की तिथे तो अडतो. म्हणून १०६४ वाचताना अवतरणातला पहिला शब्द आणि त्याच्या लगेच आधीचा शब्द, दोन्ही बघायचे. ऑर्डर बाय रँक हे क्वेरीचं शेवटचं टोक असेल तर अवतरण चक्क रिकामं येतं आणि माणूस गोंधळतो. इन्सर्टच्या कॉलम यादीत किंवा अ‍ॅज रँक अशा टोपणनावात मात्र बोट थेट रँकवरच ठेवलेलं असतं, कारण तिथे फंक्शन येऊच शकत नाही.

आजच्या आज पान चालू करायचं तर बॅकटिक द्या. कीबोर्डवर १ च्या डावीकडचं, एस्केपच्या खालचं चिन्ह:

सिलेक्ट विद्यार्थी_आयडी, गुण, `रँक` फ्रॉम निकाल व्हेअर टेस्ट_आयडी = ४१ अँड `रँक` <= १० ऑर्डर बाय `रँक`;

टेबलाच्या नावामागे टिंब देऊन लिहिलं तर बॅकटिक नसले तरी चालतं: निकाल.रँक किंवा टोपणनावाने नि.रँक. टिंबानंतर येतं ते नावच असणार हे मायएसक्यूएल जाणतं. पण इन्सर्टची कॉलम यादी, क्रिएट टेबल, टोपणनाव इथे बॅकटिक लागतातच.

---

लातूर_निकाल

बॅकटिकने पान सुरू झालं, धन्यवाद सर. पण डंप कसा काय चढला मग? आणि एक्झॅम्पवर का चालतं? त्याच्या पॅनेलवरही मायएसक्यूएलच लिहिलंय.

---

नांदेड_डीबीए

डंप काढणारा प्रोग्रॅम सगळ्या टेबलांना आणि कॉलमांना स्वतःहून बॅकटिक घालतो. पीएचपीमायअ‍ॅडमिनही तसंच करतं. त्यामुळे टेबल बनतं, डेटा येतो, पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये कॉलम व्यवस्थित दिसतो आणि फक्त हाताने लिहिलेली क्वेरी पडते. व्ह्यूसुद्धा सर्व्हर बॅकटिकसह साठवतो, ते सुखरूप येतात. स्टोअर्ड प्रोसीजर आणि ट्रिगरचं तसं नाही. त्यांचा मजकूर लिहिला तसाच राहतो. ट्रिगरमध्ये न्यू.रँक असेल तर टिंबामुळे निभतं, नुसतं रँक असेल तर आयात करतानाच १०६४. प्रोसीजर मूळ पर्यायांत डंपमध्ये येतच नाहीत, रूटीन्स हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. तुमचा डंप शांतपणे चढला म्हणून प्रोसीजर ठीक आहेत असं धरू नका, त्या आल्यात का तेच आधी बघा.

एक्झॅम्पमध्ये मारियाडीबी (मायएसक्यूएलपासून फुटून निघालेला वेगळा डेटाबेस) असतं, बटणावर काहीही लिहिलेलं असो. सिलेक्ट व्हर्जन() चालवा, उत्तरातच मारियाडीबी येईल. तिथेही रँक फंक्शन आहे, पण लगेच कंस आला तरच ते फंक्शन मानलं जातं, एरवी साधं नाव. म्हणून लोकलला चालतं आणि सर्व्हरवर पडतं. तपासणीसाठी लोकललाही मायएसक्यूएल ८ च बसवा, नाहीतर असला फरक प्रत्येक वेळी गिऱ्हाईकाच्या पानावरच कळणार.

बाकी कुठे कुठे राखीव शब्द आहेत ते शोधायला ८.०.१३ पासून सर्व्हरमध्येच यादी आहे:

सिलेक्ट सी.टेबल_नेम, सी.कॉलम_नेम
फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.कॉलम्स सी
जॉइन इन्फर्मेशन_स्कीमा.कीवर्ड्स के ऑन के.वर्ड = अपर(सी.कॉलम_नेम)
व्हेअर के.रिझर्व्ह्ड = १ अँड सी.टेबल_स्कीमा = 'तुमचा_डेटाबेस';

कॉलम्सच्या जागी टेबल्स घालून टेबलांच्या नावांसाठीही एकदा चालवा. अजून ५.७ वर बसलेले कोणी हे वाचत असतील तर त्यांनी आधीच मायएसक्यूएल शेलमधलं अपग्रेड तपासणीचं साधन चालवावं. ते नावांची टक्कर आणि प्रोसीजरमधल्या चुका दाखवतं. तुमच्या पीएचपीच्या फायली मात्र ते वाचत नाही. त्यासाठी ग्रेप (फायलींत शब्द शोधणारी कमांड), पूर्ण शब्द जुळवायचा पर्याय लावून.

---

बीड_वेब

लॅराव्हेलवाल्यांसाठी: क्वेरी बिल्डर स्वतः बॅकटिक घालतो, पण व्हेअररॉ, ऑर्डरबायरॉ आणि डीबी रॉ यांतला मजकूर जसाच्या तसा जातो. शोधायचं ते तिथेच. हायबरनेट आपणहून कोट घालत नाही, त्यात सगळ्या नावांना कोट घालण्याचं ग्लोबल सेटिंग आहे.

आणि पानावरून आलेलं कॉलमचं नाव प्रिपेअर्ड स्टेटमेंटच्या प्रश्नचिन्हातून पाठवू नका. ते मजकूर म्हणूनच जातं, म्हणजे वर सांगितलेल्या सिंगल कोटचाच प्रकार पुन्हा: ऑर्डर बाय लागतो पण कशावरच लागत नाही. चालणाऱ्या कॉलमांची ठरलेली यादी कोडमध्ये ठेवा, आलेलं नाव त्या यादीत असेल तरच बॅकटिक लावून क्वेरीत घाला.

---

संभाजीनगर_पोस्टग्रेस

नांदेडच्या सरांचं बरोबर आहे, पण बॅकटिकवर गाडी थांबवू नका. बॅकटिक ही मायएसक्यूएलची स्वतःची पद्धत आहे. प्रमाण एसक्यूएलमध्ये नावाला डबल कोट असतात. पोस्टग्रेस आणि ओरॅकल तेच मानतात, एसक्यूएल सर्व्हर चौकोनी कंस घेतो. उद्या डेटाबेस बदलला तर प्रत्येक क्वेरी पुन्हा उघडावी लागेल.

त्यातही डबल कोट दिले की अक्षरांच्या लहान-मोठेपणाला अर्थ येतो. पोस्टग्रेस कोट नसलेलं नाव लहान लिपीत वळवतं, ओरॅकल मोठ्या लिपीत. ओरॅकलमध्ये कोणी लहान अक्षरांत "डेट" कॉलम बनवला की कायम तसाच, कोटसह, त्याच अक्षरांत लिहावा लागतो. मोठ्या अक्षरांत लिहिला की ओरा-००९०४. बाजार समितीच्या आवक-जावकीचं टेबल घ्या: डेट, साइझ, नंबर असे कॉलम मायएसक्यूएलमध्ये बिनकोटाचे चालतात, ओरॅकलमध्ये तिन्ही राखीव आहेत, टेबलच बनत नाही.

पण एरर येते तिथे निदान कळतं तरी. खरा घात यूजर या शब्दाचा. मायएसक्यूएलमध्ये तो राखीव नाही, त्यामुळे यूजर नावाचे कॉलम सर्रास असतात. तोच कोड पोस्टग्रेसवर नेला आणि सिलेक्ट यूजर फ्रॉम सभासद चालवलं, की प्रत्येक ओळीत डेटाबेसला जोडलेल्या लॉगिनचं नाव येतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. व्हेअर यूजर = 'अमुक' ला एकही ओळ सापडत नाही आणि लोक डेटा हरवला म्हणून बॅकअप शोधत बसतात. तिथे "यूजर" असं कोटमध्ये किंवा सभासद.यूजर असं टिंब देऊन लिहावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये राखीव शब्दांची यादी पीजी_गेट_कीवर्ड्स() देतं. त्यात प्रकाराच्या रकान्यात आर दिसला की तो पूर्ण राखीव.

कोणी मायएसक्यूएलमध्ये अँसी_कोट्स मोड चालू करा असा सल्ला देईल. चालू सॉफ्टवेअरवर करू नका. जुन्या कोडमध्ये डबल कोटमध्ये लिहिलेला प्रत्येक मजकूर त्या क्षणापासून कॉलमचं नाव ठरतो आणि पानोपानी १०५४ (असा कॉलमच नाही) येते.

---

जालना_बॅकएंड

माझ्या मते तुमच्या टेबलात रँक कॉलम ठेवूच नये. एका पोराची फेरतपासणी झाली, दोन गुण वाढले, की त्याच्या खालच्या सगळ्यांचे क्रम शिळे होतात. जे फंक्शन आल्यामुळे हा शब्द राखीव झाला तेच वापरा:

विथ यादी अ‍ॅज (
सिलेक्ट विद्यार्थी_आयडी, `ग्रुप`, गुण,
रँक() ओव्हर (पार्टिशन बाय `ग्रुप` ऑर्डर बाय गुण डेस्क) अ‍ॅज गुणक्रम
फ्रॉम निकाल
व्हेअर टेस्ट_आयडी = ४१ अँड गुण इज नॉट नल)
सिलेक्ट * फ्रॉम यादी व्हेअर गुणक्रम <= १० ऑर्डर बाय `ग्रुप`, गुणक्रम;

विथ किंवा आतली सबक्वेरी लागतेच, कारण विंडो फंक्शनचा निकाल त्याच पातळीवरच्या व्हेअरमध्ये वापरता येत नाही.

समान गुणांचं काय करायचं ते क्लासेसच्या सरांना आधीच विचारा. ६८०, ६८०, ६७९ असे गुण असतील तर रँक १, १, ३ देतं, डेन्स_रँक १, १, २ देतं आणि रो_नंबर १, २, ३. रो_नंबरमध्ये समान गुणांच्या दोघांत कोण वर हे तुम्ही दुसरा निकष दिला नाही तर सर्व्हरच्या मर्जीवर. पुढच्या वेळी उलटंही येऊ शकतं आणि पालक विचारायला येतात.

गुण इज नॉट नल ही अट गैरहजर पोरांसाठी. गैरहजराला ० लिहायची पद्धत असेल तर ती आधी बंद करा. नीटच्या धर्तीवरच्या टेस्टमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला उणे १ असतात, म्हणजे एखाद्याचे गुण शून्याखालीही जाऊ शकतात. मग न आलेला पोरगा पेपर दिलेल्याच्या वर लागतो.

कॉलम ठेवायचाच असेल तर नाव बदला. ८.० मध्ये:

ऑल्टर टेबल निकाल रिनेम कॉलम `रँक` टू गुणक्रम;

यात डेटाला हात लागत नाही. ५.७ वर हे वाक्य नाही, तिथे चेंज वापरावं लागतं आणि त्यात कॉलमची पूर्ण व्याख्या पुन्हा लिहावी लागते. नॉट नल, डिफॉल्ट, ऑटो इन्क्रिमेंट यातलं जे लिहायचं राहील ते कॉलमवरून उडतं. म्हणून आधी शो क्रिएट टेबल, तिथली ओळ उचलायची आणि फक्त नाव बदलायचं. मारियाडीबीत रिनेम कॉलम १०.५.२ पासून आहे. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी एसपी_रिनेम वापरताना नव्या नावाला चौकोनी कंस देऊ नयेत, ते कंस नावाचाच भाग होऊन बसतात.

सगळा कोड एका दिवसात बदलत नसेल तर जुन्या नावाचा व्हर्च्युअल जनरेटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमवरून आपोआप काढला जाणारा) तात्पुरता ठेवता येतो:

ऑल्टर टेबल निकाल अ‍ॅड कॉलम `रँक` इंट जनरेटेड ऑलवेज अ‍ॅज (गुणक्रम) व्हर्च्युअल;

वाचणाऱ्या जुन्या क्वेऱ्या बॅकटिकसह चालत राहतात, त्यात लिहायला गेलेली क्वेरी ३१०५ एरर देते. म्हणजे लिहिणाऱ्या जागा आपोआप सापडतात. इन्सर्ट आणि अपडेट आधी बदला, सिलेक्ट निवांत. जुने व्ह्यू तपासायला विसरू नका. मायएसक्यूएल व्ह्यूमध्ये नाव मजकूर म्हणून साठवतं, मूळ कॉलमचं नाव बदललं आणि जुनं राहिलंच नाही की व्ह्यू १३५६ (व्ह्यूमधला कॉलम सापडत नाही) देतो.

---

परभणी_शिकाऊ

मग कॉलमची नावं सरळ मराठीतच ठेवली तर? गट, क्रम, दिनांक. हे शब्द कुठल्याच यादीत नसणार.

---

संभाजीनगर_पोस्टग्रेस

रोमन अक्षरांत मराठी नावं ठेवा, उत्तम चालतं. सर्व्हरची कुठलीही आवृत्ती आली तरी गट किंवा दिनांक राखीव होणार नाही. फक्त स्पेलिंगचा नियम आधी लिहून ठेवा, नाहीतर एका टेबलात एक ए आणि दुसऱ्यात दोन ए.

देवनागरी लिपीत नावंही तांत्रिकदृष्ट्या चालतात, मायएसक्यूएलमध्ये बिनबॅकटिकची. पण दोन अडचणी आहेत. पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइट, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम २१ चिन्हं. पुढचं कापलं जातं, फक्त एक नोटीस येते. ओरॅकलमध्ये १२.२ च्या आधी ३० बाइट, म्हणजे १० चिन्हं. मायएसक्यूएल ६४ अक्षरं मोजतं, बाइट नाही, तिथे हा त्रास कमी.

दुसरी अडचण मराठीची खास. शेतकऱ्याचं मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: कोणाच्या कीबोर्डवर ऱ आणि हलन्त, कोणाच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही सारखेच. डेटाबेसला ती दोन वेगळी नावं. एकाने बनवलेला कॉलम दुसऱ्याच्या क्वेरीला सापडत नाही, १०५४ येते आणि डोळ्यांना फरक दिसतच नाही. हेक्स() मध्ये बघितल्याशिवाय कळत नाही.

---

लातूर_निकाल

गुणक्रम असं नाव बदलतोय आणि ग्रुप्सचं विषयगट करतोय. वेब पान सगळं चालू आहे. फक्त रात्री निकालाची फाइल काढणारा शेल स्क्रिप्ट अजून पडतो. त्यात बॅकटिक घातलेत, तरी «रँक: कमांड नॉट फाउंड» येतं.

---

नांदेड_डीबीए

स्क्रिप्टमध्ये क्वेरी डबल कोटमध्ये दिलेली असणार. बॅश डबल कोटच्या आत बॅकटिक दिसले की आतला शब्द कमांड म्हणून चालवायला बघतं. रँक नावाची कमांड नाही म्हणून ती एरर, आणि मायएसक्यूएलकडे त्या जागी रिकामं जातं. क्वेरी बाहेरून सिंगल कोटमध्ये द्या, आतला मजकूर डबल कोटमध्ये. किंवा प्रत्येक बॅकटिकच्या आधी उलटी तिरकी रेघ. सगळ्यात बरं म्हणजे क्वेरी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल मायएसक्यूएलला इनपुट म्हणून द्या, मग शेल तिला हात लावत नाही. पीएचपीत ही भानगड नाही, तिथे डबल कोटच्या आत बॅकटिक साधं अक्षर असतं. म्हणून वेब पान चालू आणि स्क्रिप्ट बंद.

गुणक्रम नाव सगळीकडे झालं की या स्क्रिप्टमधले बॅकटिकही काढून टाका. आणि ज्या रात्री नाव बदलाल त्या रात्री हा स्क्रिप्ट हाताने एकदा चालवून फाइल उघडून बघा, कारण क्रॉनमधली (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांतली) एरर पानावर दिसत नाही.